घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील जलरसायनाचे स्थैर्य : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहर समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी समुद्रजीवांचे मत्स्यालय राखणे म्हणजे समुद्राचे पाणी घरात तयार करणे व ते तसेच टिकविणे होय. पहिले काम सोपे आहे. समुद्री मिठाचे तयार मिश्रण शुद्ध पाण्यात विरघळविले की ते होते. फसगत होते ती दुसऱ्या कामात. हे स्थैर्य कशामुळे ढळते व कोणत्या घटकावर लक्ष ठेवल्यास ते राखता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समुद्राचे प्रमाण आणि टाकीतील पाणी

निरनिराळ्या समुद्रांच्या पाण्यात तेच क्षार त्याच परस्पर प्रमाणात असतात, असे अलेक्झांडर मार्सेट याने 1819 मध्ये मांडले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीत (1872-76) गोळा केलेल्या 77 नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार याने 1884 मध्ये त्यास पुष्टी दिली. लवणता कमी-अधिक होते. प्रमुख घटकांचे प्रमाण मात्र जवळजवळ बदलत नाही. समुद्र हे आपल्या अफाट आकारमानाच्या बळावर साधतो. 200 लिटरच्या टाकीपाशी ते बळ नसते.

जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो आणि उन्हाळ्यात हवा अत्यंत कोरडी असते. अशा टाकीतून रोज 4 लिटर पाणी उडून जाते असे मानल्यास पाच दिवसांत हजार भागांत 35 असलेली लवणता 39 च्या जवळ पोहोचते, कारण पाणी जाते आणि मीठ मागे राहते. प्रवरा व मुळा कालव्यांच्या लाभक्षेत्रात पाणथळ होऊन खारवट झालेल्या जमिनींमागेही हेच कारण आहे. तेथील शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या नव्हे, तर गोड्या पाण्याने व रोजच्या रोज करावी लागते.

परंतु गोडे पाणी म्हणजे कूपनलिकेचे पाणी नव्हे. बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. बागायती पट्ट्यात खतांतील नायट्रेटही त्यात उतरते. लिटरमागे 800 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी रोज 4 लिटर घातल्यास महिन्याला सुमारे 96 ग्रॅम क्षार टाकीत साठतात, आणि तेही समुद्राच्या प्रमाणात नसतात. लवणतामापक एकूण वाढ दाखवितो. कोणता क्षार वाढला हे सांगत नाही. यासाठी आर.ओ. संयंत्राचे पाणी वापरणे भाग पडते. टंचाईच्या जिल्ह्यात त्या संयंत्रातून बाहेर पडणारे पाणी गटारात सोडणे शोभणारे नाही. ते धुण्याभांड्यांसाठी वापरता येते.

अल्कतेचा तोकडा साठा

शंख, चुनाळ शैवाल आणि प्रवाळ आपले कवच वा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवितात. (भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या खडकांवरील प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे.) या बांधणीत लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते तेव्हा अल्कता 1 मिलिइक्विव्हॅलंटने घटते. पाण्यात कॅल्शियम 420 मिलिग्रॅम व अल्कता 2.8 मिलिइक्विव्हॅलंट असेल, तर कॅल्शियम 5 टक्क्यांनीही उतरत नाही, परंतु अल्कता एक-तृतीयांशाहून अधिक कमी होते. केवळ कॅल्शियम मोजून निश्चिंत राहणारा येथेच फसतो. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी अल्कता मोजणे हे सर्वांत उपयुक्त परीक्षण होय.

भरपाईचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. श्वासातील कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते हा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने केलेला असतो. तिच्यातून कॅल्शियम व अल्कता नेमक्या बांधणीच्याच प्रमाणात मिळतात. संपृक्त निवळीचा 1 लिटर 200 लिटरच्या टाकीत अल्कता सुमारे 0.2 मिलिइक्विव्हॅलंट वाढवितो. उडालेल्या पाण्याच्या जागी तीच थेंबथेंब सोडता येते, त्यामुळे येथील कोरडी हवा काही अंशी उपकारक ठरते. पानाच्या डब्यातील चुना रासायनिकदृष्ट्या तोच असला, तरी प्रयोगशाळेच्या दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेणे इष्ट.

निवळीचा सामू 12 च्या वर असतो. ती एकदम ओतल्यास टाकीचा सामू उसळतो, पाणी पांढरट होते आणि ज्याची भरपाई करावयाची तेच कॅल्शियम कार्बोनेटच्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून कार्बन डायऑक्साइड साठतो व सामू उतरतो. म्हणून निवळी रात्री सोडावी. अल्कता फार खाली गेलेली आढळली तरी दिवसाला 0.3 ते 0.4 मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक वाढ करू नये. घसरण दोन आठवड्यांत झालेली असताना तासाभरात केलेली दुरुस्ती जीवांना घसरणीपेक्षाही अधिक घातक ठरू शकते.