गुरुवारची सुट्टी आणि उसभणकाच्या बायकोचं लेणं

पुण्याजवळ भोसरीपासून चाकणपर्यंतच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बाकीचं जग कामावर असतं, लोकलला रविवारची गर्दी नसते आणि आपण मोकळे. वारसा पाहायला कामगाराला याहून चांगला वार नाही. मी चाकणला टूलरूममध्ये फिटर आहे, मूळचा अहमदपूर तालुक्यातला. आमच्याकडचे पुष्कळ लोक इथे वर्षानुवर्षं राहूनही म्हणतात, ‘इथं काय बघायचंय, सगळ्या कंपन्याच.’ मला ते ऐकवत नाही.

चाकणचंच घ्या. गावातला संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, फक्त तट, बुरूज आणि खंदक. १६६० च्या पावसाळ्यात मोगल सरदार शाएस्ताखानाची प्रचंड फौज इथे अडकून पडली. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजले. शेवटी मोगलांनी भुयार खणून, सुरुंगाची दारू ठासून बुरूज उडवला, तेव्हा कोट पडला. आज तटाचे आणि खंदकाचे तुकडेच उरलेत. पण सपाट जमिनीवर, भर पावसात, एवढे दिवस टिकणं म्हणजे काय, ते त्या खंदकाशी उभं राहिल्यावरच कळतं. कंपन्यांच्या बसगाड्या रोज इतक्या जवळून जातात, आणि आत पाऊल टाकणारा विरळा.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण मात्र घोरावडेश्वर, म्हणजे शेलारवाडीची लेणी. चिंचवडहून लोणावळा लोकल धरायची आणि घोरावाडीला उतरायचं, डोंगर समोरच. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, कारण मूळच्या बौद्ध चैत्यगृहात आता शंकराची पिंड आहे. लोक दर्शन घेऊन परततात. मी भिंतींकडे बघत बसतो. दगडावर टाकी कुठल्या कोनातून चालली, कारागिराने कुठे घाई केली, कुठे हात सावकाश फिरवला, हे माझ्यासारख्या फिटरला दिसतं आणि त्या अनोळखी माणसाबद्दल माया वाटते.

तिथल्या एका ब्राह्मी लेखात दान देणारीचं नाव आहे: सिअगुतणिका. धेनुकाकट गावात राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको. तिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं. हे धेनुकाकट कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांतही पुन्हा पुन्हा येतं; धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे त्या काळच्या परदेशी लोकांनी, खांब दिल्याचं कार्ल्याला कोरलंय. ते गाव नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. मला त्या वादापेक्षा ती बाई महत्त्वाची वाटते. राणी नाही, सावकारीण नाही. नांगर धरणाऱ्या घरातली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तिच्या घरात एवढं साठलं होतं, त्याचं काय करायचं हे ती ठरवू शकत होती, आणि तिचं स्वतःचं नाव दगडावर कोरलं गेलं. आमच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘पप्पा, मग कार्ल्याला कधी जायचं?’

अशी साधी माणसं परदेशातल्या वारशातही भेटतात. माझा भाचा फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकतो. मनिलाचं राष्ट्रीय संग्रहालय पाहून त्याने फोटो पाठवले. तिथे तिकीट लागत नाही, हे त्याने आवर्जून कळवलं. फिलिपिनो चित्रकार हुआन लुनाचं १८८४ चं भिंतभर चित्र आहे: रोमन आखाड्यात मेलेल्या योद्ध्यांना फरफटत नेतायत. स्पेनच्या अमलाखालच्या लोकांनी त्यात आपलीच दशा पाहिली. पण मी थांबलो तो एका ताम्रपटाच्या फोटोवर. लागुना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तो सापडला. त्यावर काळ आहे शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्याच पंचांगाची रीत, तीही समुद्रापार! मजकूर कुणा राजाच्या पराक्रमाचा नाही. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, आता त्याच्या मुलाबाळांकडे कुणी मागू नये, एवढंच. कर्ज फिटल्याची पावती! वारसा म्हणून जपायला याहून मोलाचं काय असणार?

म्हणूनच पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मला मोठ्या राजवाड्यांपेक्षा जवळचं वाटतं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू, आणि त्या कसल्या? अडकित्ते, वज्र्या, दिवे, पेटारे, भांडी. अडकित्त्याच्या पात्याचं आणि बिजागरीचं काम पाहताना मला घड्याळाचं भान राहत नाही. चिंचवडमध्ये चापेकर वाडा आहे. १८९७ मध्ये इंग्रज अधिकारी रँडला मारणाऱ्या आणि पुढे फासावर गेलेल्या तिघा भावांचं घर. तिथून मोरया गोसावींची समाधी पायी जाण्याच्या अंतरावर, पवनेकाठी. एका सकाळीत दोन्ही होतात.

घोरावडेश्वरला जाल तर पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, सांभाळून. लेख पाहायला टॉर्च न्या. उजेड समोरून टाकलात तर अक्षरं दिसायची नाहीत. टॉर्च भिंतीला लागून आडवी धरा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळ उमटून येते. आम्ही टूलरूममध्ये पृष्ठभागावरचे ओरखडे असेच तपासतो. आणि अक्षरं ठळक दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा रंग भरू नका. मुलांनाही भरू देऊ नका.