घरात शब्द कुणाचा चालतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना विचारतात: तुमच्या उपचारांचा, घरातल्या मोठ्या खरेदीचा आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाण्याचा निर्णय कोण घेतं? उत्तरं वयानुसार बदलतात. अनेक घरांत नव्या सुनेला माहेरी जायलाही सासूची परवानगी लागते. मुलं मोठी झाली, की शाळा, सोयरीक यांत तिचं मत विचारलं जातं. सासू झाल्यावर कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे येतात. वैधव्यानंतर मात्र कारभार बहुधा मुलाच्या हाती जातो. सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्याच स्त्रियांचं असल्याने ही उतरती बाजू त्यात दिसत नाही. कारभार असा हातून जातो, म्हणूनच सातबाऱ्यावर नाव आणि स्वतःचं बँक खातं तरुणपणीच हवं.