विश्लेषण : उपनगरातली साधी जोडपी निघाली रशियाचे हेर! त्यांच्या मुलांचे पुढे काय झाले?

अमेरिकेच्या एफबीआयने २७ जून २०१० रोजी दहा जणांना अटक केली. त्यातली आठ माणसे म्हणजे चार जोडपी होती आणि चारही जोडप्यांना मुले होती. शेजाऱ्यांच्या लेखी ही चारचौघांसारखीच कुटुंबे होती. प्रत्यक्षात ती रशियासाठी हेरगिरी करत होती. ‘द अमेरिकन्स’ (२०१३ ते २०१८) या गाजलेल्या मालिकेमागे याच घटनेची प्रेरणा होती. हे जाळे नेमके कसे चालायचे आणि त्याची किंमत कुणी मोजली?

‘इलीगल्स’ म्हणजे कोण?

बहुतेक देशांचे हेर दूतावासात अधिकारी म्हणून वावरतात. पकडले गेले तरी त्यांना राजनैतिक संरक्षण असते, त्यामुळे फार तर मायदेशी पाठवणी होते. ‘इलीगल्स’ना हे कवच नसते. ते तिसऱ्याच देशाचे नागरिक असल्याचे भासवून वर्षानुवर्षे सामान्य आयुष्य जगतात. सोव्हिएत काळात सुरू झालेली ही पद्धत रशियाची परराष्ट्र गुप्तचर संस्था एसव्हीआरने पुढे चालू ठेवली.

बॉस्टनलगतच्या केम्ब्रिज शहरात राहणारे डोनाल्ड हीथफील्ड आणि ट्रेसी फोली हे त्यातलेच. ती घरे विकणारी एजंट, तर तो सल्लागार आणि हार्वर्डचा पदवीधर. दोघांनीही बालपणीच मरण पावलेल्या कॅनेडियन मुलांची ओळख चोरली होती. त्यांची खरी नावे होती आंद्रेई बेझ्रुकोव्ह आणि एलेना वाविलोव्हा. ही ओळख पक्की करण्यासाठी ते आधी कॅनडात आणि नंतर फ्रान्समध्ये राहिले.

जोडपेच का?

नव्या गावात एकट्या माणसाबद्दल लोकांना कुतूहल वाटते. मुलेबाळे असलेल्या कुटुंबाबद्दल तितके वाटत नाही. शाळा, शेजार, घराचा हप्ता यांतून ओळखी आपोआप वाढतात. शिवाय खरे नाव माहीत असलेले एक तरी माणूस घरात असते. इतर कुणालाही काही सांगता येत नसताना हा आधार मोठा ठरतो.

न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर उपनगरात ‘मर्फी’ नावाने राहणाऱ्या जोडप्याचा एक वाद न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आला. घर कुणाच्या नावावर असावे, यावरून त्यांचे मॉस्कोशी वाजले होते. या समाजात स्वतःच्या घराला महत्त्व आहे, म्हणून इथल्यासारखेच राहिले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांना अटक झाली तेव्हा एका शेजारणीचा विश्वासच बसेना. बागेत इतकी सुंदर फुले फुलवणारी बाई हेर कशी असेल, असा तिचा सवाल होता.

निरोप कसे पोहोचत?

साध्या छायाचित्रांच्या फाइलमध्ये मजकूर दडवून ती इंटरनेटवर टाकली जाई. शॉर्टवेव्ह रेडिओवरून सांकेतिक निरोप येत. गर्दीच्या स्थानकात जाता जाता एकाच्या हातातली पिशवी दुसऱ्याच्या हाती जाई. एफबीआय मात्र अनेक वर्षे या सगळ्यावर नजर ठेवून होती. जाळे फोडणारा माणूस खुद्द एसव्हीआरमध्येच होता. या विभागातले वरिष्ठ अधिकारी अलेक्झांडर पोतेयेव्ह यांना मॉस्कोच्या लष्करी न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत २५ वर्षांची शिक्षा सुनावली.

दहापैकी कुणावरही प्रत्यक्ष हेरगिरीचा आरोप ठेवला गेला नाही. परदेशी हस्तक म्हणून नोंदणी न करता काम करण्याच्या कटाचा गुन्हा त्यांनी कबूल केला. ९ जुलैला व्हिएन्ना विमानतळावर रशियातल्या चार कैद्यांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली.

मुलांचे काय झाले?

केम्ब्रिजच्या जोडप्याला दोन मुलगे होते. दोघांचाही जन्म टोरांटोचा. अटकेच्या दिवशी थोरल्याचा विसावा वाढदिवस होता, तर धाकटा अलेक्झांडर सोळा वर्षांचा होता. आईवडील कॅनेडियन आहेत, असेच आपण समजत होतो, असे दोघांनी सांगितले. पुढे त्यांना रशियन पासपोर्ट मिळाले आणि आडनावही बदलून वाविलोव्ह झाले.

कॅनडात जन्मलेले मूल तिथले नागरिक होते. याला अपवाद परदेशी सरकारच्या प्रतिनिधींच्या मुलांचा. या अपवादावर बोट ठेवून २०१४ मध्ये अलेक्झांडरचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र रद्द करण्यात आले. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल अलेक्झांडरच्या बाजूने लागला. ज्यांना राजनैतिक विशेषाधिकार व संरक्षण आहे, त्यांच्याच मुलांना हा अपवाद लागू होतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्या आईवडिलांना असे कोणतेही संरक्षण नव्हते. म्हणजे ज्या कवचाअभावी आईवडील तुरुंगात गेले, त्याच्याच अभावामुळे मुलाचे नागरिकत्व वाचले.

हे प्रकार आता थांबले का?

नाही. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून राहणाऱ्या आर्तेम आणि अॅना दुल्तसेव्ह या जोडप्याला डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली. अॅना तिथे कलादालन चालवत होती. १ ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत हे कुटुंब मॉस्कोला पोहोचले. विमानतळावर पुतिन यांनी मुलांचे स्वागत स्पॅनिशमध्ये केले, कारण मुलांना रशियन येत नव्हते. आपण रशियन आहोत हे त्यांना विमानातच कळले, असे क्रेमलिनने सांगितले. दुहेरी आयुष्य जगायचे, हे आईवडिलांनी ठरवले होते. मुलांना ते कुणी विचारलेच नव्हते.