जिभेआधी कान

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आगरी घरांत ‘पाणी’ हे ‘पानी’ असते आणि ‘डोळा’ हा ‘डोला’. अशा घरातील मूल शाळेत आले, की पुस्तकातील ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्याशी त्याची गाठ पडते. चूक झाली की वर्गात हशा पिकतो आणि जीभ वळविण्याचा खटाटोप सुरू होतो. परंतु प्रश्नाचे मूळ जिभेइतकेच कानात, किंबहुना कानामागच्या मेंदूत असते.

कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांचे १९८४ चे संशोधन या संदर्भात बोलके आहे. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद ओळखत. वर्षाची होईतो ती क्षमता बहुतांशी ओसरे. त्यांची श्रवणशक्ती अधू झाली नव्हती. मातृभाषेला न लागणाऱ्या भेदाकडे कानाडोळा करण्यास मेंदू शिकला होता.

ही वाट परतीचीही आहे. गोलेस्तानी व झाटोर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ इंग्रजी भाषकांना हाच भेद शिकविण्यात आला. स्वभाषेचे ध्वनी ओळखताना मेंदूचे जे भाग राबतात, तेच या नव्या भेदासाठीही कामास लागलेले आढळले. सर्वांची प्रगती मात्र सारखी नव्हती. जपानी प्रौढांवरील १९९७ च्या प्रयोगात तर इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ केवळ ऐकून ओळखण्याच्या सरावाने उच्चारही सुधारले.

शाळेने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मन’ आणि ‘मण’ अशा जोड्या निरनिराळ्या आवाजांत ऐकवाव्यात, मुलाने शब्द ओळखावा, आणि बरोबर की चूक ते तत्काळ सांगावे. त्यास खर्च नाही, संयम हवा.

आणि घरचे ‘पानी’ अशुद्ध ठरवू नये. ती एका बोलीची रीतसर व्यवस्था आहे. प्रमाण मराठी ही त्या मुलाच्या पदरात पडणारी भर असावी. आईच्या बोलीची लाज ही तिची किंमत असू नये. हसणाऱ्या वर्गात मूल प्रथम बोलणे थांबविते, आणि जे मूल बोलत नाही त्याचा कान घडविणार कोण?