टाकळ्याचं चित्र, नावासकट

पाऊस सुरू झाला की आपल्या जव्हार-मोखाड्यात बांधावर, पायवाटेच्या कडेला, घरामागच्या पडीक जागेत टाकळा वर येतो. कोवळा पाला खुडून कांदा-लसणावर परतायचा, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? आज आपण टाकळ्याचं चित्र काढू या, पाण्याच्या रंगांनी.

चित्र कशाला, असं कुणी विचारेल. भाजी ओळखणारी आजी बरोबर असते तोवर चित्राची गरज वाटत नाही. पण गटातली नवी सून दुसऱ्या गावाची असते, मुली आश्रमशाळेत राहतात. वाळवून ठेवलेला पाला तपकिरी पडतो. मोबाइलच्या फोटोत मागचं गवतही येतं. चित्रात मात्र जे ओळखायचं, तेवढंच मोठं आणि स्वच्छ दाखवता येतं.

"आम्हाला कुठे चित्र येतं?" असं म्हणू नका. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिणाऱ्या बाया आपल्याच भागातल्या. चौकात माणूस दोन त्रिकोणांत उभा राहतो. इथे पान जसं आहे तसं, मोजून काढायचं, एवढाच फरक.

सामान थोडंच लागतं: जाड चित्रकलेचा कागद, पेन्सिल, मुलांच्या दप्तरातली रंगपेटी, एक बारीक आणि एक जाड ब्रश, दोन वाट्या पाणी आणि जुनं फडकं. टाकळ्याची डहाळी सकाळी तोडा आणि लगेच पाण्याच्या पेल्यात ठेवा. संध्याकाळी टाकळ्याची पानं मिटतात, म्हणून काम दिवसा उरका.

आधी नुसतं बघा आणि मोजा. एका देठावर छोट्या पानांच्या बहुतेक तीन जोड्या दिसतील. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. प्रत्येक छोटं पान देठाशी निमुळतं आणि पुढे रुंद, गोलसर. हे पेन्सिलीने हलक्या हाताने उतरवा. आधी देठ, मग जोड्यांच्या जागा, शेवटी पानांची कड. एखादं पान उलटं दाखवा, म्हणजे खालची फिकी बाजूही कळेल.

आता रंग. पेटीतला तयार हिरवा भडक दिसतो. पिवळा जास्त घ्या, निळा थोडा, आणि तांबड्याचा एक टिपका. हिरवा लगेच शांत होतो. पाणी जास्त घालून पहिला हात फिका द्या. उजेड पडतो तिथे कागद कोराच सोडा, पांढरा रंग लावायची गरज नाही. पहिला हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात वेळ लागतो, घाई केली तर रंग फुटतो. मग शिरांच्या मधल्या भागात थोडा गडद रंग भरा, म्हणजे शिरा आपोआप उठून दिसतील. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो, हे लक्षात असू द्या.

याच कागदावर शेजारी दुसरं पान काढा: कासविंद्याचं. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात. फूल दोघांचंही पिवळं, म्हणून गोंधळ होतो. पण कासविंद्याच्या देठावर पानांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि पानांची टोकं अणकुचीदार असतात. टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि वाकडी. कासविंद्याची चपटी, कडा फिक्या. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी आहे, असं डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास मांडलं. खेळता खेळता शेंगा तोंडात घालणारी मुलं आपल्याकडेही आहेत. म्हणून ही दोन पानं आणि दोन शेंगा शेजारी शेजारी हव्यात.

चित्र झालं की गटातल्या जाणत्या बाईला दाखवा. तिने 'बरोबर' म्हटल्यावरच ते भिंतीवर लावा. चित्र पाहूनही शंका राहिली, तर ती भाजी खुडू नका.

खाली काय लिहायचं? आपल्या बोलीतलं नाव, गाव, महिना, कोणता भाग खातात आणि कसा शिजवतात. शिवाय काढणारीचं आणि माहिती देणारीचं नाव. याला कारण आहे. पुण्याजवळ दापोडीला पूर्वी सरकारी बाग होती. तिथे १८४७ ते १८५० या काळात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून झाडांची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आजही स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. गिब्सन यांचं नाव राहिलं, चित्रकाराचं मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या गटात तसं व्हायला नको.

टाकळा झाला की कुर्डू, भारंगी, शेवळं घ्या. दर महिन्याच्या बैठकीला एक चित्र केलं, तरी वर्षाची बारा होतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत, ओल लागणार नाही अशी ठेवा. रानभाजी महोत्सवात भाजीच्या जुडीशेजारी तिचं चित्र मांडा. घेणारीला ओळख पटेल, आणि खाली तुमचं नावही वाचायला मिळेल.