लाल सदऱ्याचे वर्ष कोणाला परवडते?

अमेरिकेतील कॉलेजच्या कुस्तीत 'रेडशर्ट' नावाची एक सवलत आहे. सामन्यात न उतरता नुसता सराव करणारा खेळाडू लाल सदरा घाली, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. तिथल्या एनसीएए या क्रीडासंघटनेचा अनेक दशकांचा नियम असा की, पहिल्या श्रेणीत कॉलेजात पूर्णवेळ दाखल झाल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. उरलेले वर्ष रेडशर्टचे. शिकावे, तालीम करावी, पण विद्यापीठाकडून सहसा लढू नये. ऑलिम्पिकच्या तयारीसाठी हंगाम सोडणाऱ्याला याहून एक वर्ष वाढवूनही मिळू शकते.

कॉर्नेल विद्यापीठाच्या यियानी डियाकोमिहालिसने याच तयारीसाठी 2019-20चा हंगाम सोडला. पुढच्या वर्षी कोरोनामुळे त्याचे विद्यापीठ आखाड्यातच उतरले नाही. तरी 2018, 2019, 2022 आणि 2023 अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे त्याने मिळवली. ऑलिम्पिक हुकले, पण कॉलेजची कुस्ती बुडाली नाही.

नियम चांगला आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण वाचकहो, नियम वर्ष देतो, भाकरी देत नाही! 2024-25पर्यंत पुरुषांच्या कुस्तीसंघाला जास्तीत जास्त 9.9 शिष्यवृत्त्या होत्या. वजनगट दहा, आणि पूर्ण शिष्यवृत्त्या दहासुद्धा नाहीत! त्यांचेच तुकडे करून साऱ्या संघात वाटायचे. बाकीचा खर्च घरच्यांनी करायचा. रेडशर्टच्या वर्षात खुल्या स्पर्धेत स्वतंत्रपणे लढायचे तर कॉलेजचा पोशाख नाही, प्रवासखर्चही नाही. सधन घरातला पोरगा हे वर्ष काढतो. मजुराच्या पोराने काय करावे?

2025च्या न्यायालयीन तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत संघाला तीसच मल्लांची मर्यादा आली. जागा मोजक्या झाल्यावर यंदा न लढणाऱ्या नवख्याला कोण सांभाळणार? नावाजलेला मल्ल टिकेल, बिननावाचा बाहेर जाईल, अशी आमची रास्त भीती आहे.

मुदत आणि पैसा यांचे हे नाते आपल्याला नवे नाही. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली आणि 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मुभा मिळाली, पैसा नाही! सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी तो साठवला. कुस्तीला राजाश्रय देणाऱ्या राजर्षी शाहूंनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. तेव्हा 1920 साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या वस्तीतला मल्ल राष्ट्रीय शिबिरासाठी कॉलेजचे वर्ष सोडत असेल, तर त्याची शिष्यवृत्ती पुढल्या वर्षी विनाअट चालू राहील आणि मधल्या वर्षाच्या खुराकाचा व वसतिगृहाचा खर्च सरकार उचलेल, असे समाजकल्याण आणि क्रीडा या दोन्ही खात्यांनी लेखी द्यावे.