पट माळ्यावर टाकू नका!

आमच्या मराठवाड्यात दहावीचं वर्ष जवळ आलं, की घरातल्या दोन गोष्टींवर गदा येते. एक टीव्ही आणि दुसरा बुद्धिबळाचा पट. परीक्षा संपली की टीव्ही पुन्हा लागतो. पट मात्र माळ्यावर गेला की गेलाच. आणि तो मुलीचा असेल, तर वर्षभर आधीच जातो!

दिवाळीनंतर नांदेडहून माझ्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, लेकरू स्पर्धेत चार डाव हरून आलं. रडून रडून डोळे सुजलेत बघा. पुढच्या वर्षी दहावी. आता बास म्हटलं हे खेळणं."

मी लातूरला. इथूनच म्हटलं, "पट बांधायचा तर बांध. पण आधी तिच्या डावांचे कागद मला पाठव."

स्पर्धेत खेळणाऱ्याला आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. ते चार कागद आले. मी काही मोठी खेळाडू नव्हे, सासऱ्यांकडून शिकलेली. त्यांच्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. आताचे नियम मी मागाहून शिकले. पण दुपारची आवराआवर झाल्यावर एकेक चाल पटावर मांडत गेले आणि ध्यानात आलं, की चारांतले तीन डाव एकाच दुखण्यानं गेलेत. समोरच्यानं आत्ता काय केलं हे न बघता पोरीनं मनात ठरवलेली चाल खेळून टाकली होती. एकदा घोडा फुकट गेला, एकदा हत्ती. तिसऱ्या डावात तर राजापुढची तिन्ही प्यादी जागच्या जागी, त्यामुळे राजाला पळायला वाट नाही. समोरचा हत्ती शेवटच्या आडव्या ओळीत उतरला आणि मात!

म्हणजे पोरीची बुद्धी कमी नव्हती, की तासही कमी पडले नव्हते. मोबाइलवर ती रोज तीन-तीन मिनिटांचे वीस डाव खेळत होती. त्यानं हात चालतो, डोकं चालत नाही. भाजीत रोज मीठ जास्त पडत असेल, तर जास्त भाजी करून का ते सुधारणार?

आमचा 'लातूर पॅटर्न' सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव त्यामुळं घरोघरी पोचलं. त्यात मोठं काम सरावाचं आहे. प्रश्नपत्रिका सोडवायची, चुकलेलं शोधायचं, पुन्हा सोडवायची. मग तीच रीत पटाला का लावू नये? आम्ही ठरवलं, रोज जेवणानंतर फक्त अर्धा तास. त्याची वाटणी अशी :

चुकांची वही. हरलेला डाव पुन्हा मांडायचा. डाव कुठं फिरला ती चाल स्वतः शोधायची आणि कारण एका ओळीत लिहायचं. मोबाइलवरचं यंत्र चूक क्षणात दाखवतं, म्हणूनच ते शेवटी उघडायचं. उत्तर आधी बघितलं, की गणित आलं असं वाटतं. येत मात्र नाही.

रोज दहा कोडी. 'एका चालीत मात', 'दोन चालींत मात' अशी सोपी कोडी घ्यायची. चुकलेल्यांवर लाल खूण करून आठवड्यानं तीच पुन्हा सोडवायची. नवीन शंभरापेक्षा घोटलेली पन्नास बरी.

हात मांडीखाली! चालीआधी तीन प्रश्न विचारायचे. त्यानं हे का खेळलं? कुणाला शह देता येतो किंवा काही मारता येतं का? माझी चाल झाल्यावर माझं काही फुकट जातं का? तोवर मोहऱ्याला हात लावायचा नाही. स्पर्धेत हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं.

शेवट आधी शिका. सुरुवातीच्या वीस चाली पाठ करू नका. पटाचा मध्य धरा, घोडे-उंट बाहेर काढा, राजाचा किल्लेकोट करा, एवढं पुरे. त्याऐवजी राजा आणि एका प्याद्याचा शेवट घोटा. आपला राजा प्याद्याच्या पुढं राहून सहाव्या ओळीत पोचला, तर चाल कुणाचीही असो, डाव आपलाच. फक्त कडेच्या प्याद्याला हा नियम लागू नाही.

आठवड्याला एक संथ डाव. रविवारी, खऱ्या पटावर, दोघींना अर्धा-अर्धा तास, चाली लिहून.

आता, जोडीदार कुठून आणायचा? मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठवा. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली. जयश्री आणि रोहिणी यांनीही ते पद मिळवलं आणि रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली. तिघींना जोडीदार घरातच होता! पुढं सांगलीच्या भाग्यश्री साठे आल्या आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला.

आपल्या घरी तीन बहिणी नसतील, पण आई तर आहे ना? मी जाऊबाईंना म्हटलं, "तूच शीक." आधी म्हणाल्या, "मला मेलीला कुठलं जमतंय!" महिन्याभरात उंट-घोडे ओळखीचे झाले. आता मायलेकी पटावर बसतात. शाळेत दिवसभर काय झालं, ते पोरगी त्याच अर्ध्या तासात सांगते, असं जाऊबाईच म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुटीत पोरगी पुन्हा स्पर्धेला गेली. सहांपैकी तीन डाव जिंकली, एक बरोबरीत, दोन हरली. बक्षीस काही मिळालं नाही. आता दहावी सुरू आहे. अभ्यासही चालू आहे आणि रात्रीचा अर्धा तासही.

स्पर्धेच्या संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा रडारड. पण त्या म्हणाल्या, "ताई, हरलेल्या दोन डावांचे कागद पाठवू का? एकातली चूक मला सापडलीय. दुसऱ्यातली तुम्ही बघा."